जुन्या वृत्तपत्री कॉमिकचा बाज: ब्रश, ठिपके आणि १२ पानांचं वेळापत्रक

रेघारेघा

नमस्कार मंडळी. १२ पानांची कृष्णधवल साहसकथा करतोय, छापील आकार ए-फाइव्ह. बाज हवाय तो १९३०-४० च्या वृत्तपत्री स्ट्रिप्सचा, म्हणजे मिल्टन कॅनिफ, नोएल सिकल्स, अ‍ॅलेक्स रेमंड यांच्या वळणाचा. सध्या ए-फोर कागदावर पेन्सिल, त्यावर ०.३ चा फाइनलायनर, मग स्कॅन आणि राखाडी भागांवर सॉफ्टवेअरमधला हाफटोन फिल्टर (राखाडीचे बारीक ठिपके करणारा), अशी पद्धत आहे.

अडचणी अशा:
१. रेघ स्वच्छ येते, पण निर्जीव वाटते. पिवळट जुन्या कागदाचा पोत वर टाकला तरी तसंच.
२. पडद्यावर ठिपके छान दिसतात, छापल्यावर मात्र राखाडी भागात चौकटी-चौकटींची जाळी उमटते.
३. एक पान पूर्ण करून मग पुढचं घेतलं, तर पहिलं आणि शेवटचं पान दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखं दिसतं. ही कामं कोणत्या क्रमाने करावीत?

काळी_दौत

पोत आधी काढून टाका. ती स्ट्रिप ज्याने सकाळी पेपरात वाचली त्याच्या हातात पिवळा कागद नव्हता. वृत्तपत्री कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं. तो वयाचा परिणाम आहे, चित्रकाराचा नव्हे.

खरा फरक आकारात आहे. ही मंडळी छापील आकारापेक्षा कितीतरी मोठं काढायची आणि छपाईची प्लेट बनवताना ते कॅमेऱ्याने लहान व्हायचं. अमेरिकी कॉमिक बुकांची मूळ पानंसुद्धा १९६७ च्या सुमारापर्यंत जवळपास दुप्पट आकाराची असत, नंतर ती दीडपटीवर आली. तुमच्यासाठी हिशोब सोपा आहे: ए-थ्रीवर काढा, ए-फाइव्हला बरोबर निम्मं होतं. हाताची बारीक थरथर निम्मी होते, रेघेचा जाड-बारीकपणा मात्र टिकतो. फक्त ०.२ मिमीपेक्षा बारीक रेघ ए-थ्रीवर ओढू नका. निम्मी झाली की ०.१ राहते आणि छपाईत तुटते. फुग्यातलं अक्षर छापल्यावर २ ते २.५ मिमी उंच हवं, म्हणजे मूळ पानावर ४ ते ५ मिमी.

फाइनलायनर फक्त चौकटीच्या कडांना ठेवा. आकृतींना ब्रश. कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे नैसर्गिक केसांचा गोल ब्रश, २ किंवा ३ नंबर. 'बारीक कामाला बारीक ब्रश' म्हणून लोक शून्य नंबर घेतात, त्यात शाई मावत नाही आणि रेघ मध्येच कोरडी पडते. ३ नंबरचं टोक चांगलं असेल तर पापणीही निघते. नायलॉनचा ब्रश सुरुवातीला बरा वाटतो, पण त्याचं टोक लवकरच आकड्यासारखं वळतं आणि मग सरळ होत नाही.

शाई वॉटरप्रूफ इंडिया इंक. यात काजळी आणि बहुधा लाख असते, म्हणून ती काळीकुट्ट दिसते आणि म्हणूनच ब्रश खाते. केसांचा पुढचा दोन-तृतीयांश भागच बुडवायचा. धातूच्या नळीत शाई शिरून वाळली की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं. दर १०-१५ मिनिटांनी पाण्यात खळबळवून, पुसून, रद्दी कागदावर फिरवत टोक करून घ्या. दौत उघडी राहिली की पाणी उडून शाई दाटते आणि रेघ ओढताना ब्रशला रोखते. अशा वेळी डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब पुरतात.

कागद ब्रिस्टल, म्हणजे जाड चित्रकागद. गुळगुळीत पृष्ठ निबला चांगलं, किंचित खरबरीत वेलम पृष्ठ ब्रशला. कडेने केसाळ फाटे फुटत असतील तर कागद शाई शोषतोय, हाताला दोष देऊ नका.

रेघ बोटांनी नाही, कोपरातून आणि खांद्यातून. स्वतःकडे ओढायची आणि त्यासाठी कागद फिरवायचा. सुरुवात टोकाने, मध्ये दाब, शेवटी उचल. गालावरच्या किंवा कोटाच्या घडीवरच्या निमुळत्या रेघा काळ्या भागातून उजेडाकडे ओढा, उलट ओढल्या तर मुळाशी गाठी दिसतात.

पेन्सिल २एच, हलकी. शाई चढवण्यापूर्वीच मळता खोडरबर दाबून ती फिकी करा. नंतर जोरात खोडलं तर शाईचा वरचा थर उडतो आणि काळं राखाडी होतं. तुमच्या 'निर्जीव' रेघेचं अर्धं कारण हेही असू शकतं.

निबवाला

वरच्या बहुतेक सगळ्याला +१, पण ब्रशशिवाय जुना बाज येत नाही असं कोणी समजू नये. चार्ल्स शुल्ट्झ यांनी 'पीनट्स' (१९५० ते २०००) मुख्यतः एस्टरब्रुकच्या ९१४ रेडिओ निबने काढलं. चिकटपट्टीसारखी एकसुरी रेघ नको एवढंच. गिलॉट २९० किंवा हंट १०२ लवचीक आहेत, दाबाप्रमाणे फाकतात. नव्या निबवर कारखान्याचा तेलकट थर असतो, तो न पुसता बुडवली तर शाई थेंबाथेंबाने घसरते. आधी साबणपाण्याने पुसून घ्या.

कॅनिफ-सिकल्स हवे असतील तर मात्र ब्रशच.

ठिपकेवाला

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. फिल्टरने केलेल्या ठिपक्यांच्या कडा मऊ, म्हणजे राखाडी पिक्सेलच्या असतात. छापखान्याचं यंत्र कोणत्याही राखाडीचे स्वतःच्या जाळीने पुन्हा ठिपके करतं. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की तुम्ही म्हणता त्या चौकटी उमटतात. याला मोआरे म्हणतात. तेव्हा छापखान्यात जाणाऱ्या फाइलमध्ये राखाडी पिक्सेलच नको.

क्रम असा ठेवा. ए-थ्री पान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० पिक्सेल) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांसकट, स्कॅन करा. स्कॅनर ए-फोर असेल तर दोन भागांत, ३-४ सेमी एकमेकांवर येतील असे, आणि दोन्ही वेळा पानाची तीच कड काचेच्या पट्टीला टेकवून. जोडणी ग्रेमध्येच करा, काळं-पांढरं करून जोडलं की सांध्यावर रेघा पायरीसारख्या सरकतात. जोडलेलं पान पिक्सेल न बदलता ए-फाइव्ह आकाराचं केलं की आपोआप १२०० डीपीआय होतं. आता थ्रेशोल्ड लावा, म्हणजे ठरावीक छटेपेक्षा गडद ते सगळं काळं आणि बाकी पांढरं. साधारण मध्यावरून सुरू करा आणि सर्वात बारीक रेघ तुटणार नाही, पण पेन्सिलचे अवशेषही दिसणार नाहीत, अशा जागी थांबा.

ठिपके या टप्प्यानंतर, अंतिम आकारातच. वेगळ्या लेयरवर सपाट राखाडी भरा, त्याचं १-बिट (फक्त काळं-पांढरं) बिटमॅप करा: ६० ते ६५ लाइन प्रति इंच, कोन ४५ अंश, गोल ठिपका. यानंतर फाइलचा आकार एक टक्काही बदलायचा नाही. छापखान्याला यंत्राचं मूळ रिझोल्यूशन विचारून घ्या. ६०० असेल तर बिटमॅपही ६०० चं करा. पीडीएफ करताना 'डाउनसॅम्पल' (पिक्सेल कमी करणं) आणि जेपेग कॉम्प्रेशन बंद, नाहीतर सगळी मेहनत तिथे वाया जाते. आणि पडद्यावर १०० टक्के झूमखेरीज ठिपके तपासू नका, ३३ किंवा ६७ टक्क्यांवर खोटी जाळी दिसते आणि माणूस उगाच घाबरतो.

आता माझं मत. तुम्ही ठिपके गरजेपेक्षा जास्त वापरत असणार. छपाईत सपाट ठिपक्यांनी छटा देण्याची बेन-डे पद्धत बेंजामिन डे ज्युनियर यांची, १८७९ ची. चित्रकार स्वतः ठिपके काढत नसे. तो मूळ चित्रावर फिक्या निळ्या रंगाने जागा दाखवायचा आणि खोदकाम करणारा प्लेटवर ठिपके चढवायचा. फिका निळा का? तेव्हाच्या प्लेट-कॅमेऱ्याच्या फिल्मला तो पांढऱ्यासारखाच दिसे, म्हणून तो छापला जात नसे. ठिपके म्हणजे वेगळ्या माणसाचं वेगळं काम, त्यामुळे ते सपाट आणि मोजके असत: एक आकाश, एक कोट, एक भिंत. गालावर गोलाई दाखवणारे लहान-मोठे होत जाणारे ठिपके या बाजात बसतच नाहीत. दोनच छटा ठरवा, २५ आणि ५० टक्के, आणि त्याही एका चौकटीत शक्यतो एकच.

स्ट्रिपकार रॉय क्रेन यांच्यासारख्या दोन करड्या छटा हव्या असतील, तर ते क्राफ्टिंट डबलटोन बोर्ड वापरत. कागदातच रेघांच्या दोन अदृश्य जाळ्या छापलेल्या, एक रसायन ब्रशने लावलं की एक उमटायची, दुसऱ्याने दोन्ही. या जातीचे बोर्ड २००९ मध्ये बनायचे बंद झाले. डिजिटलमध्ये ४५ अंशांच्या तिरप्या रेघांची एक जाळी आणि तिला छेदणारी दुसरी, असे दोन लेयर करून मास्कने उघडा. त्यात ब्रशची धार दिसू द्या.

काळी_दौत

ठिपकेवाल्यांच्या शेवटच्या मताला पूर्ण पाठिंबा. सिकल्सने 'स्कॉर्ची स्मिथ' या स्ट्रिपमध्ये छायेचे मोठे काळे तुकडे वापरून जे केलं, आणि त्याच्याबरोबर स्टुडिओत बसणाऱ्या कॅनिफने जे उचललं, त्यात राखाडीची फारशी गरजच उरत नाही. हलक्या कागदावर सपाट काळं नीट छापलं जातं, दाट बारीक जाळी भरून जाते.

तेव्हा शाईआधी प्रत्येक पानाचं ५-६ सेमी उंचीचं टिपण करा, जाड मार्करने, फक्त काळं आणि पांढरं. डोळे बारीक करून बघा. कथा कुठे चाललीय हे त्यावरून कळलं नाही, तर बारीक रेघा घालून कळणार नाही. काळा कोट काळ्या दारासमोर आला तर मध्ये पांढरी कड सोडा. ती नंतर पांढऱ्या गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) काढण्यापेक्षा शाईत सोडलेली जास्त ताजी दिसते.

शनिवारचा_अंक

तिसरा प्रश्न. पान-पान संपवू नका, टप्पा-टप्पा संपवा. आधी १२ ही पानांची टिपणं. मग सगळ्या चौकटी आणि सगळं अक्षरलेखन, चित्राच्या आधी. फुग्याची जागा नंतर शोधली की तो कुणाच्या तरी डोक्यावर बसतो. ओळी आखायला एम्स गाइड (अक्षरांच्या समांतर ओळी आखायचं साधन) ५ ते ६ च्या दरम्यान लावून सुरुवात करा आणि छापल्यावरची उंची मोजून बदला. मग सगळ्या पेन्सिली.

शाई पहिल्या पानापासून सुरू करू नये, ही जुनी आणि खात्रीची युक्ती. पाचव्या-सहाव्या पानावर हात बसवा, मग मागे-पुढे उड्या मारा, पहिलं आणि शेवटचं पान सर्वात शेवटी. हातात पडणारा फरक पुस्तकभर विखुरतो आणि वाचक ज्या दोन पानांवरून मत बनवतो ती उत्तम निघतात. एकाच जागेचे प्रसंग वेगवेगळ्या पानांवर असतील तर ते सलग करा, म्हणजे जहाजाचं डेक सगळीकडे सारखं येईल.

मोठे काळे भाग दिवसाच्या शेवटी भरा, हात थकला तरी ते काम बिघडत नाही. रात्रभर वाळू द्या, सकाळी खोडा. पान अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पेन्सिलमध्ये टाळलेला हात किंवा गर्दी. 'शाईत बघू' असं म्हणून पुढे ढकललेली गोष्ट शाईत दुप्पट वेळ घेते.

दैनिक स्ट्रिपवाल्यांना आठवड्याला सहा पट्ट्या आणि बहुतेकांना रविवारचं पानही द्यावं लागे. म्हणून अनेकांकडे अक्षरं, पार्श्वभूमी, काळं भरणं यांना मदतनीस असत. एकट्या माणसाने त्यांचा वेग धरायला जाऊ नये. मनगटाला दर तासाला पाच मिनिटं सुट्टी द्या आणि पाट २०-३० अंश वर कललेला ठेवा. सपाट टेबलावर ए-थ्रीचा वरचा भाग डोळ्यांना आखूड दिसतो आणि डोकी मोठी निघतात.

रेघारेघा

सगळ्यांचे आभार, ए-थ्रीवर चाचणीचं पान सुरू करतो. दोन उपप्रश्न. मुखपृष्ठ रंगीत आहे, त्याला तेव्हाचे रंग कसे द्यायचे? आणि मूळ चित्रं कुठे नीट बघता येतील? छापील पुनर्मुद्रणात ब्रश कुठे उचलला ते कळत नाही.

ठिपकेवाला

रंगपेटी मुद्दाम लहान करा. निळा, लाल, पिवळा, प्रत्येकाच्या चारच पातळ्या: ०, २५, ५०, १००. चार गुणिले चार गुणिले चार, कोऱ्या कागदासकट ६४ रंग. रंग-मार्गदर्शिकेवर चित्रकार सांकेतिक आकडे लिहीत, २ म्हणजे २५ टक्के, ३ म्हणजे ५० टक्के. वाय-२ आर-२ (पिवळा आणि लाल, दोन्ही २५ टक्के) हा गोऱ्या माणसांच्या त्वचेचा ठरलेला रंग. ग्रेडियंट नाही, ब्रशचा पोत नाही. जाळीचे कोन निळा १५, लाल ७५, पिवळा ०, काळा ४५. काळी रेघ १०० टक्के काळ्यात आणि ओव्हरप्रिंट (रंगांच्या वरून छापलेली), म्हणजे खालच्या रंगात पांढरी फट उरत नाही.

रंग सरकल्याचा आभास हवा असेल तर एकच प्लेट ०.२ ते ०.३ मिमी सरकवा, काळी अजिबात नाही. सगळ्या सरकवल्या की ते जुनं न दिसता बिघडलेलं दिसतं.

जुनी_पट्टी

मूळ चित्रांसाठी ओहायो स्टेट विद्यापीठाचं बिली आयर्लंड कार्टून ग्रंथालय व संग्रहालय बघा. १९७७ मध्ये कॅनिफच्याच कागदपत्रांपासून त्याची सुरुवात झाली. त्यांच्या संकेतस्थळावर मूळ चित्रांची डिजिटल छायाचित्रं आहेत.

बघताना झूम करून या जागा शोधा. सपाट काळ्यात ब्रशचे एकमेकांवर चढलेले पट्टे दिसतात, कारण शाईचा थर सगळीकडे सारखा नसतो. त्यावरून हात कुठून कुठे गेला ते वाचता येतं. पांढऱ्या गुआशचे ठिगळ कुठे जास्त आहेत ते बघा, बहुतेकदा हात आणि सिल्हूटच्या कडांवर. निळे फराटे म्हणजे खोदकाम करणाऱ्याला दिलेल्या सूचना किंवा कच्चं रेखाटन. फुग्याभोवती तपकिरी चौकोन दिसला तर अक्षरं नंतर कापून रबर सिमेंटने चिकटवलेली आहेत, ते सिमेंट काळाने कागदात उतरून डाग पाडतं.

याच कारणाने तुमच्या पानांवर रबर सिमेंट आणि सेलोटेप वापरू नका. दुरुस्तीचा तुकडा गव्हाच्या स्टार्चच्या खळीने किंवा मिथाइल सेल्युलोजने चिकटवा. तयार पानं आडवी, आम्लरहित फोल्डरमध्ये, उन्हापासून आणि ओलीपासून लांब ठेवा. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या टाळा, त्यातला मऊपणा आणणारा द्रव बाहेर येतो आणि शाई प्लास्टिकला चिकटते.