मदत हवी आहे: बेटिंग ॲपच्या रेफरल लिंकचं आता काय करायचं?

मालवणातला माझा मावसभाऊ क्रिकेटच्या रील्स टाकतो. खाली बेटिंग ॲपची लिंक; तिच्यावरून कुणी पैसे भरले की याला कमिशन. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात नुसत्या जाहिरातीलाही २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड आहे. तरी एजंटचा रोज मेसेज: "टेलिग्रामवर ये, कमिशन क्रिप्टोत देतो." यात तो अजूनच अडकेल, असं मला वाटतं. वाडीतली ट्रॉलरवर जाणारी पोरं त्याच्याच लिंकवरून हंगामाची कमाई घालवतात, त्याने जीव तुटतो.

जुन्या रील्स आत्ता काढल्या तर पुरावा नष्ट केला असं होईल का? आधीचं कमिशन रिटर्नमध्ये कसं दाखवायचं? सिंधुदुर्गात अशी कामं करणारे वकील कुणाच्या ओळखीचे आहेत का? प्लीज सांगा.