बाबांच्या एका डोळ्याला भिंत पांढरी, दुसऱ्याला पिवळी. खरी कुठली?

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे पण पंधरा दिवस घरात हेच चाललंय म्हणून विचारतोय. माझ्या बाबांचं, वय ७४, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आले आणि हॉलमध्ये उभं राहून एकदा हा डोळा झाकतायत एकदा तो. म्हणे या डोळ्याने भिंत पांढरीशुभ्र आणि त्या डोळ्याने पिवळट, चहा सांडून पुसल्यासारखी.

इथपर्यंत ठीक होतं. पण २०१९ ला घर रंगवलं तेव्हा बाबांनी रंगाऱ्याशी भांडण केलं होतं, मी पांढरा सांगितला तू क्रीम मारलास म्हणून, आणि त्याचे पैसे कापले होते. तो बिचारा शपथा घेत होता, आम्हालाही भिंत पांढरीच दिसत होती, आम्ही सांगत होतो, पण बाबांचं एकच, मला काय डोळे नाहीत का. आता ते रात्री उठून बसतात. म्हणतात त्या माणसाला मी खोटं पाडलं आणि खोटे तर माझे डोळे होते, मग आजवर जे जे डोळ्यांनी बघून ठरवलं त्यातलं किती खरं?

आमचे काका म्हणतात दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, इंद्रियांवर विसंबूच नये. आणि आपणच म्हणतो ना, प्रत्यक्षाला प्रमाण कशाला. दोन्ही म्हणी आपल्याच. खरंच सांगा, डोळे, कान, नाक, जीभ यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? बाबांना काय सांगू?

दादर_ऑप्टोमेट्रिस्ट
असे पेशंट मी रोज बघते, बाबांना आधी सांगा की हे नॉर्मल आहे. डोळ्यातली आपली मूळची लेन्स वयाप्रमाणे पिवळी पडत जाते, मोतीबिंदूत तर कधीकधी तपकिरी होते, आणि ती निळा प्रकाश अडवते. हे इतकं हळू होतं की मेंदू बरंचसं सांभाळून घेतो, पूर्ण नाही, पण माणसाला पत्ता लागत नाही. एका डोळ्यात नवी लेन्स बसली की मगच दोन डोळे शेजारी ठेवून बघता येतात आणि माणूस दचकतो. चित्रकार क्लोद मोने, त्याचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्यालाही रंगांचा असाच त्रास झाला होता.

आणि नवा डोळा म्हणजे सत्य असंही धरू नका. ती पण एक लेन्सच आहे, अतिनील किरण ती अडवतेच. काही आठवडे सगळं निळसर वाटेल मग सवय होईल.

एक करून बघा. कोरा पांढरा कागद भिंतीला लावा आणि एकाच डोळ्याने कागद आणि भिंत दोन्ही एकदम बघा, मग दुसऱ्या डोळ्याने. उघडी भिंत नको, पाच-सहा वर्षांत ती धुळीने तशीही मळते, कपाट सरकवून त्यामागची घ्या (बाबांना ओढू देऊ नका, ऑपरेशननंतर जड उचलायचं नसतं). आणि झोप लागत नाही हे फॉलोअपला डॉक्टरांच्या कानावर घाला.

गिरगाव_वाचक
काकांची म्हण चुकीची नाही पण ते अर्ध्यावर थांबतात. आपल्याकडे यावर फार बारीक विचार झालाय. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, म्हणजे सांख्य दर्शनाच्या जुन्या ग्रंथात, समोरची वस्तू का कळत नाही याची आठ कारणं दिलीत. फार लांब असणं, फार जवळ असणं, इंद्रियच बिघडणं, मन ठिकाणावर नसणं, वस्तू सूक्ष्म असणं, मध्ये आडोसा असणं, दुसऱ्या कशाने तरी झाकोळून जाणं, सारख्या वस्तूंमध्ये मिसळून जाणं. झाकोळणं म्हणजे काय ते मुंबईकराला समजावायला नको, आपल्या गच्चीवरून रात्री चार तारे दिसतात आणि गावी गेलं की आभाळ भरलेलं असतं, तारे तेच, डोळे पण तेच. मन ठिकाणावर नसणं तर रोजचंच, लोकलमध्ये अनाऊन्समेंट कानावर पडते आणि तरी स्टेशन जातं.

पण ही आठ कारणं न कळण्याची आहेत. बाबांचं तसं नाही, त्यांना भलतं दिसलं. त्यासाठी नैयायिकांकडे, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांकडे जावं लागतं. गौतमाच्या न्यायसूत्रात प्रत्यक्षाची व्याख्या करतानाच 'अव्यभिचारी' हा शब्द घातलाय, म्हणजे इंद्रियाचा वस्तूशी संबंध आला एवढ्याने भागत नाही, ते ज्ञान पुढे चुकीचं ठरता कामा नये. म्हणजे इंद्रियं चुकतात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी प्रत्यक्ष सोडलं नाही, उलट पहिल्या नंबरला ठेवलं. त्याच्या जोडीला अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. तुम्ही घरातले सगळे भिंत पांढरी आहे म्हणत होता ना, ते शब्दप्रमाण. माझ्या मते बाबांचं चुकलं असेल तर ते तिथे, डोळ्यांनी बघण्यात नाही.

माहीमचं २००६ मधलं आठवत असेल. ऑगस्ट महिना, समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून ही गर्दी, लोक बाटल्या भरून नेत होते, लहान मुलांना पाजत होते. मी गेलो होतो. बोट बुडवून जिभेला लावलं आणि खरंच खारट कमी होतं, जीभ खोटं बोलत नव्हती. भर पावसाळा, मिठी नदी तिथेच येऊन मिळते, आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. जिभेने सांगितलं खारट कमी आहे, एवढंच. चमत्कार आहे हे आपण जोडलं, आणि प्यायला चांगलं आहे हेही आपणच जोडलं, त्या पाण्यातली घाण काही जिभेला कळत नाही.

रात्रपाळी_अंधेरी
वरचं पटलं पण इंद्रियं फक्त निरोप देतात आणि चूक आपली असते हे मला पूर्ण पटत नाही. कुर्ल्याला आपली गाडी उभी असते, शेजारची हलते आणि पोटात गोळा येतो की आपली निघाली. तिथे मी काहीच जोडत नाही, विचार करायच्या आधीच शरीराला तसं वाटून जातं.

विमानाच्या बाबतीत तर हे जिवावर येतं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या असतात, त्यातलं द्रव हललं की आपल्याला वळण कळतं. पण वळण सावकाश आणि सलग असेल तर द्रवही त्याच वेगाने फिरायला लागतं आणि मग वाटतं आपण सरळ आहोत. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोनेक मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कॅप्टनच्या समोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडून उजवीकडे झुकलेलं दाखवत होतं, ते सरळ करायला त्याने विमान डावीकडे वळवलं आणि वळवतच गेला. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, क्षितिज नाही, आणि शरीराने सांगितलं नाही की आपण आडवे होतोय. कॉकपिटमध्ये तसं दुसरं यंत्र होतं, फ्लाइट इंजिनिअरने सांगितलं पण की त्याच्यावर जाऊ नका, पण वेळच उरला नव्हता.

म्हणून जे म्हणतात इंद्रियं सोडा यंत्रं धरा त्यांनाही मला हेच सांगायचंय. यंत्र पण एकच धरून बसलं की फसवतं.

ठाणे_गृहिणी
मी एवढंच लिहिते कारण आमच्या बिल्डिंगमध्ये घडलंय. बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकी बंद, मुलगी आत बेशुद्ध पडली, दार तोडलं म्हणून वाचली. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो, जो येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, आपल्या नाकाला कळावं म्हणून. काही वास आला नाही म्हणजे काही नाही असं कृपया कोणी समजू नका, गीझर बाथरूमच्या बाहेर लावा.

मुलुंडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची सगळी उत्तरं बाबांना वाचून दाखवली, माहीमचं दोनदा वाचायला लावलं.

काल मी आणि भावाने कपाट सरकवलं आणि मागे कागद लावला. नव्या डोळ्याने कागदही पांढरा आणि भिंतही पांढरी. जुन्या डोळ्याने दोन्ही पिवळट, पण दोन्ही सारखेच. म्हणजे रंग बरोबरच होता, आणि जुन्या डोळ्यानेही तो कळला असता. बाबा बराच वेळ कागद हातात धरून बसले होते, मग म्हणाले कागद तर तेव्हाही घरात होता रे.

रंगाऱ्याचा नंबर जुन्या डायरीत सापडला, लागला. आता नालासोपाऱ्याला राहतो, रविवारी येतो म्हणालाय. कापलेले पैसे बाबांनी पाकिटात घालून देवापाशी ठेवलेत.