पहिली ऑल-माउंटन स्की : कोणतं मॉडेल, किती लांबी? गुलमर्ग आणि ऑस्ट्रिया दोन्हीसाठी

डेक्कनचा_ट्रेकर

नमस्कार मंडळी. आजवर भाड्याच्या स्कीवर भागवलं, आता स्वतःची ऑल-माउंटन, म्हणजे तयार उतारावर आणि मऊ बर्फातही चालणारी स्की घ्यायची आहे. माहिती देतो :

वय ३६, उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो. तयार केलेल्या उतारावर पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेलं वळण) व्यवस्थित जमतात, मध्यम चढाचा उतार न घाबरता उतरतो. खोल भुसभुशीत बर्फात मात्र शरीर मागे जातं आणि मांड्या भरून येतात. जानेवारीत ऑस्ट्रियाला आठवडाभर जाणार आहे, फेब्रुवारीत गुलमर्ग. पुढेही दरवर्षी गुलमर्ग नक्की.

यादीत तीन आहेत : सॅलोमन क्यूएसटी ९८, एलान रिपस्टिक ९६, फोल्कल मँट्रा एम६. भाड्याच्या दुकानात हनुवटीपर्यंतची स्की द्यायचे, नेटवर लोक डोक्याच्या वरची घ्या म्हणतात. १७० च्या आसपास घेऊ की १७७? बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारा आणि पडल्यावर सोडणारा भाग, कोणतं? भाऊ म्युनिकला असतो, तो आधीच विकत घेऊन, बसवून ठेवायला तयार आहे.

उतारवेडा

तुमच्या यादीतल्या तिन्ही स्की ९६ ते ९८ मिमी वेस्टच्या आहेत. म्हणजे रुंदीचा निर्णय तुम्ही नकळत घेऊनच टाकलाय. तो बरोबर आहे का, ते आधी पाहू.

वेस्ट म्हणजे बुटाखालची सर्वांत अरुंद जागा. ती जितकी रुंद तितकी स्की मऊ बर्फावर तरंगते, पण कड पायाच्या मध्यरेषेपासून तितकीच लांब जाते. कडक बर्फावर कड रोवायला घोट्याला आणि गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला क्षणभर उशीर होतो. ऑस्ट्रियात रात्री मशीन फिरवून सकाळी गोठलेला उतार मिळतो. तिथे ८० ते ८८ मिमी सर्वांत सुखाची. गुलमर्गचं गणित उलट. गाव साधारण २६५० मीटरवर, गंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडोरीला ३०८० मीटरच्या आसपास आणि दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर ३९५० मीटरच्या आसपास सोडतो. दुसऱ्या टप्प्यावर तयार केलेला उतार जवळपास नाहीच, जे पडलंय त्यातून उतरायचं. तिथे ९५ च्या पुढची रुंदी खरोखर उपयोगी पडते.

दरवर्षी गुलमर्ग नक्की असेल तर ९४ ते ९८ योग्य. औलीसारख्या ठिकाणी जास्त जाणार असता तर ८४-८८ च्या वर जाऊच नका म्हटलं असतं.

आता मॉडेल. मँट्रा एम६ च्या गाभ्यात लाकूड आणि त्यावर टायटनालची चौकट, म्हणजे अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. वेगात थरथरत नाही, गोठलेल्या उतारावर घट्ट धरते. पण ती वाकवायला वेग आणि पुढे झुकलेलं शरीर लागतं. जो मागे बसतो त्याला ही स्की वळू देत नाही, आणि खोल बर्फात आपण मागे बसतो असं तुम्हीच लिहिलंय. क्यूएसटी ९८ मध्ये धातूचा पत्रा नाही, टिपेला, म्हणजे पुढच्या टोकाला, रॉकर (वर उचललेला बाक) मोठा, चूक पोटात घालते. रिपस्टिक ९६ तिघींत हलकी, १८० लांबीचा एक नग सतराशे ग्रॅमच्या आतबाहेर. तिला डावी-उजवी ठरलेली असते : आतल्या कडेला कॅम्बर (मधे वर उचललेली कमान) जास्त, बाहेरच्या कडेला रॉकर जास्त. त्यामुळे कडक उतारावर तिच्या वजनाच्या मानाने पकड चांगली, पण वेगात आणि तुडवून ओबडधोबड झालेल्या बर्फात हलकेपणा जाणवतो, टिप फडफडते.

तुमच्यासाठी क्रम : गुलमर्गला झुकतं माप असेल तर क्यूएसटी ९८, दोन्हीकडे सारखं हवं असेल तर रिपस्टिक ९६. मँट्रा आत्ता नको.

लांबीबद्दल. हनुवटीचं माप पूर्ण कॅम्बरच्या स्कीवरून आलंय, शिवाय भाड्याचं दुकान नवशिक्याला मुद्दाम आखूड देतं. रॉकर असलेल्या स्कीची टिप आणि टेल (मागचं टोक) सपाट कडक बर्फावर हवेत राहतात. टिपेकडचे वीसेक सेंमी आणि टेलकडचे दहा-पंधरा सेंमी टेकतच नाहीत असं धरा, म्हणजे १७६ ची स्की उतारावर कितीतरी आखूड लागते. म्हणून रॉकर जास्त तशी लांबी जास्त, आणि धातू व ताठपणा जास्त तशी लांबी कमी. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, कारण स्की वाकते ती वजनाने. ७४ किलोला क्यूएसटी १७६, रिपस्टिक १७२. मँट्रा घेतलीच तर १७०, १७७ नको.

एक बारकावा. काही कंपन्या तळाच्या वळणावरून टेप फिरवून लांबी मोजतात, काही टिप ते टेल सरळ रेषेत. दोन-तीन सेंमीचा फरक त्यातच जातो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून १७२ आणि १७४ यांत डोकं शिणवू नका.

पाषाणकर

वरचं बहुतेक पटलं, एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो. गुलमर्गला दुसरा टप्पा अनेकदा वारा किंवा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बंद असतो. तेव्हा लोक बाबारेशी नाहीतर टंगमर्गच्या बाजूला जंगलातून उतरतात. झाडांमध्ये जागा कमी, वळणं आखूड, पाय पटकन फिरवावे लागतात. ज्याला खोल बर्फ अजून जमत नाही त्याला तिथे १७६ लांब पडेल. क्यूएसटी ९८ मी १६९ मध्येच घेतली असती. ७४ किलोला ९८ मिमीवर १६९ बुडत नाही.

उतारवेडा

@पाषाणकर, फक्त जंगल असेल तर मान्य. पण बाउलमध्ये, म्हणजे झाडं नसलेल्या वाटीसारख्या उतारावर, दुपारी तुडवलेल्या बर्फात १६९ ची टिप खाली जाते आणि माणूस ती वर ठेवायला आणखी मागे बसतो. ज्या सवयीची तक्रार आहे तीच पक्की होते. दोन्हींच्या मधलं उत्तर म्हणजे रिपस्टिक १७२.

हिमरेषा

स्कीवर चर्चा चाललीय पण बुटाचा उल्लेख नाही. दादा, पैसे मर्यादित असतील तर आधी बूट घ्या, स्की भाड्याने चालेल. बूट ढिला असेल तर कोणतीही स्की उशिरा ऐकते आणि माणूस तोल सावरायला मागे जातो. तुमच्या मांड्या भरून येण्याचं अर्धं कारण भाड्याचे बूट असू शकतात.

मापन असं. टाच भिंतीला लावून वजन टाकून उभं राहा, लांब बोटापर्यंत सेंमी मोजा. तोच मोंडोपॉइंट आकडा, उदाहरणार्थ २६.५. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, बदलतं ते आतलं लायनर किंवा नुसता इनसोल. दुकानात लायनर बाहेर काढायला सांगा, रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. १५ ते २० मिमी बरोबर. त्याहून जास्त असेल तर आज दुकानात आरामदायक वाटेल, पण लायनर दबला की पाय आत खेळायला लागेल. लायनर घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. मोज्यांची एकच जोडी, पातळ. आपल्याकडे ट्रेकसारखे दोन जाड मोजे घालतात, त्याने पाय दबतो, रक्त कमी पोचतं आणि उलट जास्त गारठतो. तुमच्या वजनाला आणि पातळीला फ्लेक्स, म्हणजे बुटाचा ताठपणा, ९० ते १००. रुंदी म्हणजे लास्ट. आपल्याकडे पंजा रुंद असणारे बरेच, १०० ते १०२ मिमीच्या लास्टपासून सुरुवात करा.

आता बाइंडिंग. भावाने आधीच बसवून ठेवू नये. बसवताना बुटाच्या सोलची लांबी मिमीमध्ये लागते, ती बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. २६.५ च्याच दोन बुटांची सोल वेगळी असू शकते. बाइंडिंग पुढेमागे थोडं सरकतं, पण भोकं चुकीच्या जागी पडली तर पुन्हा ड्रिल करावं लागतं, आणि जुन्या भोकाला खेटून नवं भोक पाडलं तर स्क्रू धरत नाही. ड्रिलचं पातंही स्कीवर छापलेलं असतं : धातूचा पत्रा असेल तर ४.१ मिमी, नसेल तर सहसा ३.५ मिमी, खोली ९ मिमी. धातूच्या स्कीत बारीक भोक पाडून स्क्रू आवळला तर पत्रा फुगतो. शिवाय आजच्या बऱ्याच बुटांना ग्रिपवॉक सोल असते, वक्र आणि रबरी. बाइंडिंगवर ग्रिपवॉक चालतं असं लिहिलेलं हवं, नाहीतर पुढचा भाग वेळेवर सुटणार नाही.

बाइंडिंगवरचा आकडा म्हणजे बूट किती जोर लागल्यावर सुटेल त्याचं सेटिंग. मार्कर स्क्वायर ११ या बाइंडिंगची मर्यादा ३ ते ११, ग्रिफन १३ ची ४ ते १३. तुमचं वजन, उंची, वय, पातळी आणि ३०० मिमीच्या आसपासची सोल धरली तर सेटिंग साधारण ६ च्या जवळ येईल, म्हणून स्क्वायर पुरेसं. पण नेमका आकडा दुकानदार तक्ता बघून लावेल, आणि तुमची पातळी त्याला वाढवून सांगू नका. ती वाढवली की आकडा चढतो, मग पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. ब्रेकची (सुटलेली स्की घसरत जाऊ नये म्हणून बाइंडिंगला असलेल्या दांड्यांची) रुंदी वेस्टपेक्षा जास्तीत जास्त १५ मिमीने अधिक. ९६-९८ ला १०० किंवा ११० चा ब्रेक. ९० चा वाकवून बसवू नका, तो कडेला घासतो आणि स्की सुटल्यावर उघडत नाही.

डेक्कनचा_ट्रेकर

खूप आभार. दोन उपप्रश्न. भाऊ म्हणतो, मँट्राचं एम७ आल्यापासून एम६ ची १७७ अर्ध्या किमतीत मिळतेय. दोन वर्षांत सुधारणा होईलच, तर आत्ताच घेऊन ठेवू का? आणि बायकोही शिकतेय, १५८ सेंमी, ५४ किलो, अजून स्नोप्लाऊवर (टिपा जवळ, टेल लांब ठेवून वेग आवरणं). तिच्यासाठी काय?

उतारवेडा

नको. अर्धी किंमत स्कीची कमी होते, ताठपणा तेवढाच राहतो. शिवाय रेडियस बघा, म्हणजे स्की स्वतःच्या कडेवर केवढ्या वर्तुळात वळते ते. त्याचा अंदाज तुम्ही स्वतः काढू शकता. एम६ चं माप १३५-९६-११९, टिप, वेस्ट, टेल. टिप आणि टेलची बेरीज २५४, त्यातून वेस्टची दुप्पट १९२ वजा, उरले ६२, भागिले ४, म्हणजे १५.५ मिमी. ही कडेच्या वळणाची खोली. टेकणारी लांबी समजा १.५ मीटर. तिचा वर्ग २.२५, भागिले खोलीची आठपट, म्हणजे ०.१२४ मीटर. उत्तर सुमारे १८ मीटर. हे भूमितीचं सरासरी उत्तर आहे. फोल्कल या स्कीला टिप, मध्य आणि टेलसाठी वेगवेगळे रेडियस देते, म्हणून छापील आकडे तीन दिसतील. पण १८ मीटरची स्की स्वतःच्या कडेवर वळवायची तर वेग हवा. कमी वेगात तुम्ही तिला ढकलत घसरवाल, आणि ताठ टेल घसरवणं हे दमवणारं काम आहे.

सवलतच हवी असेल तर क्यूएसटी किंवा रिपस्टिकची मागच्या मोसमाची रंगसंगती शोधायला सांगा. पुष्कळदा फक्त चित्र बदललेलं असतं. नाव तेच ठेवून आतली रचना बदलली नाही ना, हे टिप-वेस्ट-टेलचे आकडे दोन्ही वर्षांचे जुळवून बघा.

वहिनींसाठी आत्ता विकत घेऊ नका. स्नोप्लाऊ सुटून पॅरलल यायला लागलं की लांबी आणि ताठपणा दोन्हींची गरज बदलते. भाड्याने घेताना ७५ ते ८२ मिमी, १४५ ते १५० सेंमी मागा. गुलमर्गला भाड्याची स्की हातात घेतल्यावर नख उभं धरून कडेवरून ओढा, नख खरवडलं गेलं पाहिजे. बोथट कड असेल तर दुसरी मागा, बोथट कडेवर स्नोप्लाऊसुद्धा थांबत नाही.

हिमरेषा

वहिनींचे बूट मात्र घ्या. फ्लेक्स ७० ते ८०, बायकांचा मॉडेल. त्याचा कफ (पोटरीभोवतीचा वरचा भाग) खाली असतो, पोटरी खालून सुरू होत असेल तर चावत नाही.

आणि क्रम असा ठेवा : भावाने स्की आणि बाइंडिंग न बसवता घ्यावी. ऑस्ट्रियात पहिल्या दिवशी बूट घ्या, त्याच दुकानात बाइंडिंग बसवून सेटिंगचा कागद मागून घ्या. पुढचे दिवस बूट जिथे टोचेल तिथे तेच दुकान कवच गरम करून ताणून देतं. ही सोय पुण्यात आल्यावर मिळणार नाही.

पाषाणकर

गुलमर्गचं आणखी एक. चिल्ला-ए-कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होऊन ४० दिवस चालतो, कोरडा बर्फ बहुधा त्याच काळात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत. फेब्रुवारीअखेर उन्हाकडच्या उतारावर दिवसा वितळून रात्री पापुद्रा धरतो, तिथे रुंद स्कीही फसते. सकाळी सावलीचा उतार धरा. गंडोलाच्या हद्दीबाहेर जाणार असाल तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) तिन्ही, प्रत्येकाकडे, आणि ती वापरण्याचा सराव आधी. गस्तीपथक फक्त गंडोलाखालच्या भागाची काळजी घेतं.

मुठाकाठ

पुण्यात ठेवण्याबद्दल लिहितो, कारण इथे स्की वर्षातले बहुतेक महिने कपाटावर असते आणि जून ते सप्टेंबर कडा गंजतात.

घरी आल्यावर कडा कोरड्या फडक्याने पुसा, तांबूस डाग गमी स्टोनने (घासायच्या रबरी ठोकळ्याने) काढा. मग मेणाचा जाड थर द्या, तळ आणि कडा दोन्ही झाकतील असा, आणि तो खरवडू नका. मेणाची इस्त्री वेगळी घ्या. कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वरखाली होतं आणि पॉलिथिलीनचा तळ करपतो. करपलेला तळ मेण पीत नाही. मेणातून धूर येऊ लागला की तापमान जास्त आहे, कमी करा. इस्त्री एका जागी थांबवू नका.

ज्या बॅगेत विमानातून आणली त्याच ओल्या बॅगेत बंद करून ठेवू नका, ही सर्वांत सामान्य चूक. आडवी ठेवा, दोन्ही नग एकमेकांवर घट्ट न बांधता, नाहीतर कॅम्बर दबतो. बुटाचे लायनर बाहेर काढून पूर्ण वाळवा, परत घालून बकल हलके लावा. उघडे राहिले तर कवच पसरतं.

प्रवासाचं वजन : स्की आणि बाइंडिंग मिळून सहा किलो, बूट चार, काठ्या आणि बॅग तीन, म्हणजे तेरा. देशांतर्गत तिकिटात साधारण १५ किलो मिळतात, म्हणून कपडे हातातल्या बॅगेत. बूट शक्यतो सोबत न्या, बॅग चुकली तर स्की भाड्याने मिळेल, मापाचा बूट मिळणार नाही. १७६ च्या स्कीला १८५ ची बॅग लागते. एवढी लांबी घेतात का, ते विमान कंपनीला तिकीट काढण्याआधी विचारा. पुढच्या वेळी प्रवासाला निघण्याच्या आदल्या आठवड्यात मेण घरीच खरवडा, प्लास्टिकच्या पट्टीने, टिपेकडून टेलकडे.