अक्षर फिरवलं की स्वर बदलतो
कॅनडातल्या क्री या आदिवासी लोकांच्या लिपीत आपल्यासारख्या मात्रा नसतात. मग स्वर कसे दाखवतात, असा प्रश्न पडतो. तिथे अक्षरच फिरतं! 'प'चं अक्षर V सारखा कोन असतं; त्याचं टोक खाली केलं की 'पे', वर केलं की 'पि', उजवीकडे 'पो', डावीकडे 'प'. दीर्घ ई, ओ, आ असेल तर डोक्यावर टिंब. इतकी देखणी योजना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

१८४० मध्ये कॅनडातल्या नॉर्वे हाउस इथे जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने ती छापली. तिच्यावर लघुलिपीसोबत आपल्या देवनागरीचाही प्रभाव अभ्यासक मानतात. पण सगळं श्रेय इव्हान्सला देऊ नये. क्री परंपरेनुसार ही अक्षरं कॉलिंग बॅजर या त्यांच्यातल्याच माणसाला मिळाली. आणि भूर्जाच्या सालीवर कोळशाने लिहून, एकमेकांना शिकवून ती दूरवर नेली तीही क्री लोकांनीच.