बॉडी बरोबर आहे, घोळ रुळाचा आहे

किट जोडून बनवलेलं डब्ल्यूडीएम-२ चं (आपल्या रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन) छोटं मॉडेल रुळावर ठेवलं की लठ्ठ दिसतं म्हणजे बॉडीचं मापच चुकलंय असं इथं एकानं म्हणलंय, ते काय पटलं नाही. माझं मॉडेल पण १:८७ चंच (खऱ्याच्या ८७ पट लहान) आहे, पट्टी लावून बघितली, खरं इंजिन बफर (दोन्ही टोकांचे धक्के झेलणारे दट्टे) धरून साधारण १७.१ मीटर म्हणजे मॉडेल १९७ मिमीच्या आसपास यायला पाहिजे आणि तेवढं भरतंय की. एचओचा (म्हणजे १:८७ च्या मॉडेलांचा) रूळ १६.५ मिमी, तो परदेशातल्या १४३५ मिमीच्या गेजवरनं (दोन रुळांमधलं अंतर) काढलेला, आपलं ब्रॉडगेज १६७६, त्याला ८७ नं भागा, १९ च्या वर जातंय. म्हणजे दोन्हीकडची चाकं जवळजवळ दीड मिमी आत बसल्यात, मग गाडी जाडीच दिसणार ना. मला पण हे मिरजेच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून समोरनं येणारं इंजिन बघितल्यावरच डोक्यात शिरलं, आता घरातलं मॉडेल बघितलं की तेच आधी दिसतंय, काय करणार. चाकं बाहेर सरकवता येतील पण मग सगळा रूळ, सांधे हातानं बनवा, एवढा वेळ कुणाकडं आहे.

आणि हो, कॅबच्या काचा सुपरग्लूनं चिकटवू नका राव. मी रात्री चिकटवून झोपलो, सकाळी बघतो तर त्याच्या वाफेनं आतनं पांढरी साय धरलेली, पुसून पण जाईना. दुसऱ्या वेळेला साध्या फेविकॉलचा टिपका काडीनं लावला, वाळला की दिसत पण नाही.