मालिका गाजली म्हणून स्टुडिओची चांदी होत नाही

'अ‍ॅनिमे जगभर चालतं, मग चित्रकार उपाशी कसे?' हा जपानी अ‍ॅनिमेशनबद्दल, म्हणजे अ‍ॅनिमेबद्दल, विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. बहुतेक मालिकांमध्ये पैसा घालते ती निर्मिती समिती: मांगाचा (मूळ जपानी कॉमिकचा) प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याला नफा. प्रत्यक्ष चित्रं काढणाऱ्या स्टुडिओला मिळते ठरलेली रक्कम. समितीत स्वतःचे पैसे नसतील तर मालिका कितीही गाजो, पुढच्या कमाईवर त्याचा फारसा हक्क नाही. चित्रं पुन्हा काढावी लागली तर तो भुर्दंड मात्र बहुधा त्याच्याच माथी. मग तग धरायला एकावर एक कामं घ्यायची आणि वेळापत्रकाचा बोजवारा उडवायचा. दोन मुख्य चित्रांच्या मधली, हालचाल जोडणारी चित्रं काढणाऱ्या नवख्याला एका कागदामागे साधारण 200 येन मिळतात. दिवसाला 20 कागद काढले तरी 4000. क्योतो अ‍ॅनिमेशनसारखे पगारी माणसं ठेवणारे स्टुडिओ अपवादच.

रात्री उशिराची प्रक्षेपणाची वेळ बऱ्याचदा समितीच वाहिनीकडून विकत घेते. म्हणजे प्रकाशकाच्या दृष्टीने मालिका ही मांगाच्या छापील खंडांची जाहिरातच. एका सीझननंतर कथा अर्धवट सुटते ती बऱ्याचदा त्यामुळेच.

मांगाकाराला पानामागे मानधन मिळतं, पण मदतनिसांचे पगार तो सहसा त्यातूनच देतो. खरी मिळकत सुट्या खंडांची, छापील किमतीच्या सुमारे 10 टक्के. चोरीचे स्कॅन वाचणाऱ्यांनी निदान मांगा प्लस हे प्रकाशकाचं अधिकृत अ‍ॅप उघडावं: 2019 पासून बऱ्याच मालिकांची पहिली आणि ताजी तीन-तीन प्रकरणं तिथे फुकट आहेत.