वडिलांच्या ४ बरगड्या फ्रॅक्चर, श्वासाचा त्रास होणार का हे आधी कळतं का?

बोरिवलीकर:
बाबा ७२ वर्षांचे, परवा पावसात बिल्डिंगच्या जिन्यावरून घसरले. एक्सरेत दोनच बरगड्या मोडलेल्या दिसल्या, सीटीत चार निघाल्या. ऑक्सिजन ९५ आहे, चहा मागतायत, नर्सशी वाद घालतायत, तरी डॉक्टर घरी सोडत नाहीयेत. आत्या म्हणते बिल वाढवतायत. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू होती. दमा वगैरे नाही.

परळ_रेसिडेंट:
आत्यांना सांग बिलासाठी नाही ते. दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, खोकायचं टाळतो, मग कफ साचतो, फुफ्फुसाचा तेवढा भाग बसतो आणि न्यूमोनिया होतो, आणि हे सगळं पहिल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवसांनी कळतं. अंदाजासाठी स्टंबल स्कोअर आहे, छातीला मार लागलेल्यांना पुढे त्रास होईल का ते गुणांवर मोजणारा, २०१४ चा, ब्रिटनमधला. तुझ्या बाबांचा धरला तर वयाचे ७, एका बरगडीला ३ म्हणजे १२, गोळीचे ४, ऑक्सिजन ९५ म्हणून शून्य. झाले २३. २१ ते २५ वाल्यांत कॉम्प्लिकेशनची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास धरतात. आकडा बघून घाबरू नकोस, त्यात नुसता लांबलेला मुक्कामही मोजलाय. पण घरी पाठवायचा स्कोअर नाही हा.

गिरगाव_काका:
आमच्या वेळी छातीला घट्ट पट्टा बांधायचे आणि पडून राहायचं, बस्स.

फिजिओताई:
काका, पट्टा नको हो, त्याने छाती फुगतच नाही, तिथेच घोळ होतो. बोरिवलीकर, तीन बॉलवालं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून बॉल वर न्यायचं ते उपकरण, दिलंय ना? जागे असताना दर तासाला दहा वेळा, हळू ओढायला सांग. खोकताना दुखऱ्या बाजूला उशी दाबून धरायची. आणि पेनकिलरची वेळ चुकवू नका, 'मला नाही दुखत' म्हणणारे बाबा लोक सगळ्यात डेंजर, दुखत नाही कारण खोल श्वासच घेत नाहीत. गोळ्यांनी भागलं नाही तर नर्व्ह ब्लॉकचं, म्हणजे नसेजवळ देतात त्या बधिर करायच्या इंजेक्शनचं विचारा, फक्त रक्त पातळ करायच्या गोळीचं आठवणीने सांगा. ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो, त्याआधी खोकल्यातला जोर आणि बॉल बघत जा.

बोरिवलीकर:
काल दोन बॉल वर जात होते, आज सकाळपासून एकच जातोय आणि खोकला पण अगदी फुसका येतोय. थकलेत म्हणून असेल का?

फिजिओताई:
इथे लिहीत बसू नकोस, आत्ताच्या आत्ता सिस्टरला जाऊन सांग. श्वास मिनिटाला किती आहेत तेही मोजायला लाव.